संगणक-संहितेचा मुद्रितशोधक : लिट घटकांसाठी ईएसलिंटची मांडणी

छापखान्यात जाणाऱ्या मजकुरावर मुद्रितशोधकाची नजर फिरल्याखेरीज फर्मा यंत्रावर चढत नाही, हे या वार्षिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आता आपले कोश, ग्रंथसूची आणि जुने अंक जालावर जाऊ लागले आहेत. तिथे दिसणाऱ्या मराठी मजकुराच्या मागे आणखी एक मजकूर असतो : संगणकाला दिलेल्या सूचनांचा, म्हणजे संहितेचा. त्यातली एखादी चूक वाचकाला दिसत नाही, पण शोधलेला शब्द मात्र सापडत नाही. या दुसऱ्या मजकुराच्या मुद्रितशोधकाला लिंटर म्हणतात.

इंदुरातील एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची जालावर ठेवण्याच्या कामात मी काही वर्षे आहे. काम करणारे सगळे हौशी. कोणी महाविद्यालयात शिकणारे, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. शिकणारी मुले दोन-तीन वर्षांत नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जातात आणि संहिता नव्या हातांत पडते. अशा ठिकाणी लिंटर नसेल तर प्रत्येक नव्या माणसाला सगळे मुळापासून समजावे लागते, आणि समजावणाराही दर वेळी जागेवर असतोच असे नाही. म्हणून आम्ही केलेली मांडणी इथे क्रमाने देतो. तांत्रिक नावे मी उच्चारानुसार लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

नाव आणि परंपरा

इंग्रजीत लिंट म्हणजे कापडाला चिकटलेले बारीक तंतू. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी 1978 साली सी भाषेतील संहितेतले संशयास्पद तंतू वेचून दाखवणारी आज्ञावली लिहिली आणि तिला हे नाव दिले. आपल्याकडे यासाठी जवळची क्रिया म्हणजे धान्य निवडणे. तांदूळ शिजतातच, पण खडा दाताखाली येऊ नये म्हणून आधी सुपात घेऊन पाहायचे.

जावास्क्रिप्ट या भाषेसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी 2002 मध्ये जेएसलिंट तयार केले. त्यातले नियम बव्हंशी त्यांच्या स्वतःच्या पसंतीचे होते. वापरणाऱ्याला फारसा वाव नव्हता. 2013 मध्ये निकोलस झाकास यांनी ईएसलिंट सुरू केले. त्यात प्रत्येक नियम वेगळा चालू किंवा बंद करता येतो, आणि बाहेरच्या कोणालाही नवे नियम लिहून जोडता येतात. अशा जोडणीला प्लगइन म्हणतात.

प्लगइन का लागते

आमची पृष्ठे वेब कॉम्पोनंट म्हणजे स्वतंत्र घटकांनी बनलेली आहेत. शोधपेटी हा एक घटक, पुस्तकाची नोंद हा दुसरा. एकदा घडवलेला घटक कुठल्याही पृष्ठावर टॅगसारखा लिहिता येतो. हे घटक लिहिणे सोपे व्हावे म्हणून गूगलच्या पॉलिमर प्रकल्पातून पुढे आलेली लिट ही छोटी चौकट आम्ही वापरतो.

लिटमध्ये पृष्ठाचा साचा जावास्क्रिप्टच्या आतच, उलट्या अवतरणचिन्हांमध्ये लिहितात. साच्यात जिथे बदलता मजकूर हवा तिथे डॉलर चिन्ह आणि महिरपी कंस येतो. अडचण इथेच आहे. साध्या ईएसलिंटच्या दृष्टीने अवतरणचिन्हांमधला भाग म्हणजे नुसती अक्षरांची माळ. तिच्यात टॅग आहेत आणि त्यांना स्वतःचे व्याकरण आहे, हे त्याला माहीत नसते. ईएसलिंट-प्लगइन-लिट ही माळ उलगडून वाचते. तिच्या जोडीला ईएसलिंट-प्लगइन-डब्ल्यूसी घेतले की घटकाच्या वर्गाची रचनाही तपासली जाते.

मांडणीच्या पायऱ्या

पहिली पायरी : संगणकावर नोड-जेएस असावे आणि प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये पॅकेज-जेसन ही फाइल असावी. एनपीएमच्या इन्स्टॉल आज्ञेने पाच गोष्टी आणायच्या : ईएसलिंट, त्याचे जावास्क्रिप्टचे मूळ नियम, ग्लोबल्स ही नावांची यादी आणि वरची दोन प्लगइने. आज्ञेला सेव्ह-डेव्ह हा पर्याय जोडावा. या वस्तू काम करणाऱ्यांसाठी आहेत, वाचकाच्या ब्राउझरकडे त्या पाठवायच्या नाहीत, अशी नोंद त्याने होते.

दुसरी पायरी : मूळ फोल्डरमध्येच ईएसलिंट-कॉन्फिग-जेएस ही फाइल करावी. 2024 च्या एप्रिलमध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून ईएसलिंट आपणहून हीच फाइल शोधते. जुन्या पुस्तकांत टिंबाने सुरू होणाऱ्या ईएसलिंट-आरसी फाइलची कृती असते. ती नव्या आवृत्तीत आपोआप वाचली जात नाही. नियम लिहूनही लागू होत नसतील तर आधी हे पाहावे.

तिसरी पायरी : या फाइलमधून एक यादी निर्यात करायची. यादीत प्रथम मूळ शिफारस केलेले नियम, मग लिट आणि डब्ल्यूसी या दोन्ही प्लगइनांचे फ्लॅट-रेकमेंडेड संच, आणि शेवटी आपले स्वतःचे नियम. क्रम महत्त्वाचा आहे. एकाच नियमाबद्दल दोन ठिकाणी वेगळे लिहिले असेल तर नंतरचे चालते. प्रत्येक नियमाला ऑफ, वॉर्न किंवा एरर यांपैकी एक दर्जा द्यायचा.

चौथी पायरी अनेकदा राहून जाते. संहिता ब्राउझरमध्ये चालणार आहे हे लिंटरला सांगावे लागते. ग्लोबल्समधील ब्राउझरची यादी लँग्वेज-ऑप्शन्समध्ये घातली नाही, तर डॉक्युमेंट, विंडो यांसारख्या नेहमीच्या नावांवरही ‘हे नाव ठाऊक नाही’ अशी तक्रार येते. नवा माणूस शेकडो तक्रारी बघून घाबरतो आणि साधन बंद करून टाकतो.

पाचवी पायरी : पॅकेज-जेसनमधील स्क्रिप्ट्समध्ये लिंट या नावाने आज्ञा नोंदवावी. मॅक्स-वॉर्निंग्ज शून्य ठेवले की एकही इशारा शिल्लक असताना तपासणी उत्तीर्ण होत नाही. ज्या चुका यंत्राला निःसंशय सुधारता येतात त्या फिक्स हा पर्याय दिल्यावर आपोआप सुधारतात. बाकीच्या माणसाने पाहायच्या.

नियम काय पकडतात

लिटच्या संचातील काही नियम उदाहरणादाखल सांगतो. बाइंडिंग-पोझिशन्स हा नियम टॅगच्या किंवा गुणधर्माच्या नावातच बदलता मजकूर घातला असेल तर अडवतो. लिटमध्ये तशी जागा चालत नाही. नो-ड्युप्लिकेट-टेम्प्लेट-बाइंडिंग्ज एकाच टॅगवर तोच गुणधर्म दोनदा आला तर दाखवतो. नो-व्हॅल्यू-ॲट्रिब्यूट शोधपेटीसाठी कामाचा आहे. पेटीतील मजकूर गुणधर्माऐवजी आधी टिंब देऊन प्रॉपर्टी म्हणून बांधावा, असे तो सुचवतो. गुणधर्म फक्त पेटीची सुरुवातीची किंमत ठरवतो. वाचकाने एकदा टंकले की गुणधर्म बदलूनही पेटीत काही हलत नाही.

डब्ल्यूसीच्या संचात घटकाचे नाव तपासणारा नियम आहे. नावात जोडरेघ हवी आणि पहिले अक्षर लहान रोमन असावे लागते. पुढची अक्षरे मात्र देवनागरी असली तरी चालतात, ही माहिती आमच्या मुलांना फार आवडली. रिक्वायर-लिसनर-टिअरडाउन हा नियम आम्ही नावानिशी चालू केला आहे. घटक पृष्ठावर येताना लावलेला श्रोता घटक जाताना काढला आहे ना, हे तो पाहतो.

मराठीला थेट लागणारे नियम

दोन नियम ईएसलिंटच्या मूळ संचातलेच आहेत, पण मराठीत काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग अधिक होतो.

पहिला नो-मिसलीडिंग-कॅरेक्टर-क्लास. ‘की’ने सुरू होणारी पुस्तके शोधायची म्हणून कोणी शोधसूत्रात चौकोनी कंसात ‘की’ लिहितो. आपल्याला ते एक अक्षर वाटते. युनिकोडमध्ये मात्र ते ‘क’ आणि दीर्घ वेलांटी असे दोन संकेत आहेत. चौकोनी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणताही एक’ असा होतो. कंसाआधी आरंभाचे चिन्ह असेल, तर ‘कमळ’ आणि ‘कुसुम’ही यादीत येतात, ते नसेल तर ‘नदी’सुद्धा येते. हा नियम अशा कंसावर बोट ठेवतो. उपाय म्हणजे गोल कंसात उभ्या रेघेने वेगळे केलेले पर्याय लिहिणे.

दुसरा नो-इर्रेग्युलर-व्हाइटस्पेस. जुन्या अक्षरजुळणीच्या फाइलमधून मजकूर उचलून चिकटवला की त्यासोबत न तुटणारी किंवा शून्य रुंदीची अदृश्य मोकळी जागा येऊ शकते. साध्या अवतरणातील मजकूर हा नियम मुळात वगळतो, पण उलट्या अवतरणातील साचे तपासतो. लिटचे साचे तसेच असल्याने आमच्या पृष्ठांतली अशी जागा लगेच सापडते.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतः जोडली. प्रत्येक पृष्ठावर भाषेचा संकेत असतो. मराठीचा एम-आर, हिंदीचा एच-आय. लिपी एकच असल्याने तयार साच्यांतून आलेल्या आमच्या कित्येक मराठी घटकांवर हिंदीचा संकेत होता. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. अंध वाचकाचे वाचन-साधन मात्र त्यामुळे मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचू शकते, आणि ‘चमचा’ व ‘चहा’ यांतल्या ‘च’चा फरक तिथे जातो. काही टंकांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही याच संकेतावर अवलंबून असतात. हिंदीभाषक प्रदेशात राहून मराठी जपणाऱ्यांनी आपलेच पान यंत्राला हिंदी म्हणून सांगावे, हे बरे नव्हे.

सुगम्यतेसाठी ओपन-डब्ल्यूसी या प्रकल्पाचे वेगळे प्लगइन आहे आणि ते भाषेचा संकेत वैध आहे का, हे तपासते. पण हिंदीचा संकेतही वैधच असतो. म्हणून ईएसलिंटमधील नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स हा नियम आम्ही वापरला. साच्याच्या कच्च्या मजकुरात लँग गुणधर्मापुढे एच-आय आढळला तर चूक दाखवावी, असे त्याला सांगता येते, आणि चुकीसोबतचा संदेश आपल्या भाषेत लिहिता येतो. आमचा संदेश असा आहे : ‘हा मजकूर मराठी आहे का? असल्यास भाषेचा संकेत बदला.’ खरोखर हिंदी असलेल्या ठिकाणी त्या एका ओळीपुरता नियम थांबवायचा आणि कारण शेजारी टिपेत लिहायचे.

मर्यादा

लिंटर संहिता वाचतो, आशय वाचत नाही. पुस्तकांच्या नोंदी आमच्याकडे वेगळ्या फाइलींत आहेत. तिथे हे नियम पोचत नाहीत. ‘तऱ्हा’ या शब्दातला अर्धा र जुन्या नोंदींत एका पद्धतीने आणि नव्या नोंदींत दुसऱ्या पद्धतीने टंकलेला असतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. त्यासाठी नोंदी एकसारख्या करणारी वेगळी आज्ञावली लागते. ग्रंथकाराचे नाव चुकले, वर्ष चुकले, तर ते माणसालाच कळते.

सुरुवात करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पहिल्या दिवशी सगळे नियम लावू नयेत. शिफारस केलेले संच घ्यावेत, आपल्या कामातली खरी अडचण पाहून एकेक नियम वाढवावा, आणि तो का वाढवला हे फाइलमध्येच मराठीत दोन ओळींत लिहावे. आमच्या फाइलमध्ये आज अशा सात टिपा आहेत. मागच्या उन्हाळ्यात नवीन आलेल्या दोन मुलींनी त्या वाचून पहिल्याच आठवड्यात कामाला हात घातला. ज्याने त्या लिहिल्या तो मुलगा तेव्हा हैदराबादला रुजू झाला होता.