पिवळी ओळ आठवली, आकडा आठवला नाही

आजचा भाग खास नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी. जीएनएम असो की बीएस्सी, एक प्रश्न सगळ्यांचाच असतो: 'एवढं वाचते, तरी आठवत का नाही?'

माझाच किस्सा सांगते. दुसऱ्या वर्षाला मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होतं. एका आजोबांची डिगॉक्सिनची गोळी माझ्या हातात होती. इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, "देण्याआधी काय बघशील?" मी म्हटलं, "पल्स." "किती असेल तर द्यायची नाही?" मी गप्प! ती ओळ डाव्या पानावर खाली होती, मी ती पिवळ्या रंगाने रंगवली होती, हे सगळं आठवलं. आकडा काही आठवेना. सिस्टरांनी आजोबांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. 52 भरले. मोठ्या माणसाचे ठोके 60 च्या खाली असतील, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं असतं. सिस्टरांनी तेच केलं.

मी तो धडा चार वेळा वाचला होता, बरं का. मग चुकलं कुठे?

वारंवार वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि 'येतंय मला' असं वाटायला लागतं. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वाचणारे पुढे. आठवड्यानंतर घेतली, तर आठवून लिहिणारे पुढे! आणि वॉर्डात आपल्याला पाच मिनिटांनी नाही, महिन्यांनी विचारतात.

म्हणून मी तीन सवयी लावून घेतल्या.

पहिली: एक मुद्दा वाचला की पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, आधी मराठीत लिहिलं तरी चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. ते लाल दिसतं ना, तोच तुमचा खरा अभ्यास.

दुसरी: तोच मुद्दा तिसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवायचा. थोडं विसरल्यावर आठवायला जोर लागतो, आणि त्या जोरानेच ते पक्कं होतं.

तिसरी: ड्युटीवरून आल्यावर एक पेशंट डोळ्यांसमोर आणायचा. नाव लिहायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. फक्त तीन प्रश्न: औषध कशासाठी? देण्याआधी काय तपासायचं? दिल्यावर कशावर लक्ष ठेवायचं? सोबत ड्रिपचं एक गणित. 500 मिली सलाईन 4 तासांत, सेट 20 थेंबांचा: 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं. मिनिटाला साधारण 42 थेंब.

आणि नाइट ड्युटी करून आलात तर आधी झोपा. पेंगत वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि वाचलेलं पक्कं व्हायलाही झोप लागतेच.

आता मोबाईल उलटा ठेवा आणि वर न बघता सांगा: डिगॉक्सिन देण्याआधी काय मोजायचं, किती वेळ, आणि कधी थांबायचं?

अडलात? काळजी नको. परवा पुन्हा विचारा स्वतःला.