बांधावरच्या समाध्यांची नोंद

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने निघा. शेताच्या कोपऱ्यात, विहिरीशेजारी किंवा लिंबाच्या झाडाखाली चुन्याने रंगवलेला एखादा ओटा दिसतोच. त्यावर तुळशीवृंदावन, कुठे पादुका, लिंगायत घराण्याचे रान असेल तर पिंड आणि नंदी. गावाला स्मशानभूमी असली तरी आपल्या माणसाला आपल्याच रानात ठेवायची चाल मराठवाड्यात जुनी आहे. ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला मात्र हा ओटाही आला नाही. त्यांची माणसे दगडाविना गेली, हे नोंद करायला बसणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

या ओट्यांवर बसवलेल्या फरशीवर चार-पाच ओळी असतात. त्या उतरवून घ्यायला हव्यात असे मी आग्रहाने म्हणतो, ते मुख्यतः बायकांच्या नावांसाठी. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींच्या शोधात मोडी-उर्दू दप्तरे बाहेर निघाली. गावोगाव लोक वंशावळी लिहू लागले. त्यांत बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ओळीने येतात. आजी आणि पणजी सहसा येत नाहीत. जुन्या सातबाऱ्यांवरही बहुतेक पुरुषच. पणजीचे नाव कुठे कोरलेले असेल, तर ते रानातल्या त्या फरशीवर.

आणि ती फरशी बरेच सांगते. ‘कै. सौ.’ असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, ‘कै. गं. भा.’ असेल तर मागे राहून तिने संसार ओढला. ‘ह.भ.प.’ आणि ‘वैकुंठवासी’ आले की घरात माळकरी होते. पत्त्यात ‘ता. मोमिनाबाद’ कोरलेले सापडले तर दगड बहुधा निजामाच्या काळातला, कारण अंबाजोगाईचे तेव्हाचे नाव ते होते.

आपल्या माणसाच्या आठवणीसाठी दगडावर अक्षरे कोरायची रीत याच अंबाजोगाईत फार मागे नेता येते. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी लढताना पडला. रामाच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावासाठी इथे रामनारायणाचे देऊळ बांधले आणि शके ११६२ म्हणजे इ.स. १२४० चा संस्कृत शिलालेख ही हकीकत सांगतो. ग. ह. खरे यांनी अंबाजोगाईचे लेख वाचून छापले, म्हणून आज आपल्याला ही बहीण ठाऊक आहे. दगड होता, पण कुणीतरी तो उतरवून घेतला हे जास्त महत्त्वाचे.

उतरवण्याचे काम अवघड नाही, धीराचे आहे. दुपारी बारा वाजता झिजलेले अक्षर दिसत नाही. सकाळी ऊन तिरपे असताना तेच अक्षर सावली धरते. ढगाळ दिवशी किंवा अंधारात मोबाइलचा टॉर्च फरशीच्या कडेला अगदी टेकवून धरला तरी जमते. आधी साधे पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश आणि ॲसिड यांनी दगडाचा पापुद्राच निघतो. खडूने अक्षर गिरवले की आपल्याला जे वाटते तेच आपण वाचतो. वर्षश्राद्धाला ऑइलपेंट फासण्याची हौस तर सर्वांत घातक. दोन-तीन हात बसले की खाचा भरून जातात आणि नाव बुजते.

मजकूर ओळ तशी ओळ लिहावा. गवंड्याने ‘स्मरणार्थ’ चुकीचे कोरले असेल तर चुकीचेच. जिथे अक्षर लागत नाही तिथे टिंबे द्यावीत, अंदाज वेगळा लिहावा.

खरी कसोटी तारखेची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत बहुधा ७९. आकडा झिजला आणि ‘पार्थिव नाम संवत्सरे’ एवढेच उरले तरी हरकत नाही. साठ वर्षांनी नाव फिरून येते, म्हणजे १८८५, १९४५ किंवा २००५; त्यातले कोणते, हे नातवाचे वय सांगते. घरातल्या जुन्या कागदाशी ताडायचे तर फसली सन लागतो. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिने फारसी असत. फसली १३५२ चा खुर्दाद म्हणजे १९४३ चा एप्रिल. मुसलमान घरांच्या कब्रस्तानात हिजरी सन असतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून तिथे सरळ बेरीज चालत नाही, कोष्टक पाहावे लागते. फारसी-अरबी लेखांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची खास शाखा नागपुरात आहे.

मोमिनाबादला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. निजाम राज्यातल्या युरोपियन कबरींवरचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन यांनी गोळा केले आणि १९४१ साली त्यांची यादी हैदराबादेत पुस्तकरूपाने निघाली. परक्यांच्या थडग्यांची यादी छापून ऐंशी वर्षे झाली. आपल्या शेतातल्या समाध्यांची गावनिहाय यादी मात्र पाहायला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

वेळही थोडा आहे. भावाभावांत वाटण्या होतात, ओटा एकाच्या वाट्याला जातो, पुढे ते रान विकले जाते. सातबाऱ्यावर समाधी सहसा नसते, खरेदीखतातही नसते. नव्या मालकाला नांगर फिरवायला कोण अडवणार? सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले तेव्हा गावे उठली, घरांचे मोबदले ठरले. रानातल्या ओट्यांवरची अक्षरे पाण्याखाली गेली.

फोटो, मजकूर, गट क्रमांक आणि मोबाइलवर मिळणारे अक्षांश-रेखांश एका वहीत लिहावे. एक प्रत भावकीत, एक गावच्या वाचनालयात, जमल्यास एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे. त्याच वहीत प्रत्येक बाईचे माहेर लिहावे. ते फरशीवर नसते आणि सांगू शकणारी एखादीच म्हातारी घरात उरलेली असते. पितृपक्षात घरी माणसे असतात तेव्हाच तिला विचारावे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि पुष्कळदा तीही नातवंडे सांभाळायला फडावर गेलेली असते.