पावली पडते तेव्हा मेंदूत काय घडतं?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला असेल, तर संध्याकाळी मंदिरासमोर थांबून बघावं. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे, मध्ये पखवाज. हरिपाठ सुरू होतो, पावली पडू लागते आणि दिवसभर कपाशीत राबलेली माणसं तासभर दमत नाहीत. बांधावरून बोलणं बंद झालेले दोघे भावकीतले एकाच रांगेत, एकाच ठेक्यावर पुढे-मागे होत असतात.

यातली भक्ती ज्याची त्याला ठाऊक. शरीरात काय घडतं, याचा मात्र शास्त्रज्ञांनी माग काढला आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नौकानयन करणाऱ्या खेळाडूंनी यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत वल्ही मारली. मेहनत सारखीच. नंतर दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून कळ कुठवर सोसते ते पाहिलं. संघासोबत वल्हवल्यावर सोसण्याची ताकद स्पष्टपणे वाढलेली होती.

कळ का मोजायची? कारण मेंदू स्वतःच वेदनाशामक तयार करतो: एंडॉर्फिन. मेंदूत ते किती स्रवलं हे रक्त तपासून कळत नाही, म्हणून हा आडमार्ग. हेच रसायन समाधान आणि आपलेपणाही देतं. माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरत बसतात, तेव्हा त्यांना तेच मिळतं. पण तिथे एका वेळी एकच जोडीदार. रॉबिन डनबार या शास्त्रज्ञाच्या मते, माणसाने गाणं आणि नाच यांतून अनेकांना एकदम जवळ घेण्याची वाट शोधली.

गाण्याची जादू वेगाची आहे. २०१५ च्या एका अभ्यासात गायनाच्या आणि हस्तकला-लेखनाच्या वर्गांची तुलना झाली. सात महिन्यांनी सगळेच वर्ग एकमेकांच्या जवळ आले होते; गाणारे मात्र पहिल्याच महिन्यात. स्वीडनमध्ये समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वर-खाली होताना आढळले, कारण चाल एक असली की श्वासही एकत्र घेतला जातो. हरिपाठात वेगळं काय होतं?

आषाढीनंतर पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी गोदावरी ओलांडून आपल्या जिल्ह्यातून जाते. अनोळखी वारकरी चार पावलांत ‘माउली’ होतो, त्यामागे हा ठेकाही आहे.

ब्राझीलमधल्या विद्यार्थ्यांना नाचायला लावून केलेल्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट उलगडली: घाम गाळण्याचा आणि ताल जुळण्याचा परिणाम वेगवेगळा होतो. अंगमेहनत कमी असली, तरी ताल आपलं काम करतो.

म्हणून सप्ताहात गुडघे धरलेल्या आजीला घरी एकटं ठेवू नका. तिला मंडपात आणून बसवा. ती उभी राहणार नाही, पण टाळी धरेल. तेवढ्यानेही ती त्या रांगेतलीच होते.