शपथ घातलीय, आता काय करायचं?

दोस्तांनो, मधल्या सुट्टीत झाडाखाली बसून तुम्ही काय काय कुजबुजता ते बाईंना कळत नाही, असं तुम्हाला वाटतं ना? सगळं ऐकू येतं बरं का!

आमच्या पळसदेवच्या पोरांच्या गप्पा तर विचारूच नका. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं, की बुडालेल्या जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. मग पाणी आज किती उतरलं यावर पैजा! कुणाची गाय व्याली, कुणाचा ऊस अजून तुटला नाही, कुणाला सतराचा पाढा येत नाही... डब्यातल्या चटणी-भाकरीबरोबर हेही सगळं वाटून खायचं.

अशातच चौथीतल्या एकाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं. तपकिरी, एक कान पडलेला. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नाही! आणि एके दिवशी हा पोरगा एकदम गप्प. खेळता खेळता पिल्लाचा दात बोटाला लागला होता, थोडं रक्तही आलं होतं. घरी कळलं तर वडील पिल्लाला पोत्यात घालून पार भिगवणला सोडून येतील, ही भीती. त्यानं फक्त जिवलग मित्राला सांगितलं, तेही शपथ घालून.

आता मित्रानं काय करावं? शपथ मोडली तर दोस्ती तुटणार, पाळली तर...? हा पठ्ठ्या म्हणाला, "मी न्हाई सांगत. तूच सांग तुझ्या आईला. मी बी येतो संगं."

दोघं गेले. आईनं आधी जखम साबणानं धुतली. वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची असते. चुना नाही, मिरची नाही, हळद नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता ती दंडात देतात, पण ठरलेल्या तारखांना सगळी पुरी करावी लागतात.

एवढ्याशा ओरखड्यासाठी एवढी धावपळ का? कारण रेबीज पिल्लापासूनही होऊ शकतो. त्याची लक्षणं दिसायला कधी कधी महिने लागतात, आणि एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळ असते ती त्याआधीच.

फ्रान्समधल्या जोसेफ मायस्टरलाही वेळेवरच नेलं होतं. तो ९ वर्षांचा, म्हणजे तुमच्याएवढाच. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. ६ जुलै १८८५ रोजी त्याला पहिली लस टोचली. ही लस तोवर कुत्र्यांवर करून पाहिली होती. माणसाला द्यायची म्हणून पाश्चर यांच्याच पोटात गोळा आला होता म्हणे! जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार झाला.

आणि पिल्लाचं काय? ते कुठंही गेलं नाही. वडील रागावले, पण पिल्लावर नाही, लपवाछपवीवर.

तुमच्याकडे पिल्लू येणार असेल, तर दोन महिने तरी त्याला आईजवळ राहू द्या. तीन महिन्यांचं झालं, की जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची लस टोचून आणा, पुढं दरवर्षी. आणि हो, तिथं कार्डावर पिल्लाचं नाव लिहितात. तेव्हा त्यावरून घरात काय भांडायचं ते आधीच भांडून घ्या!