चार अक्षरं तीच, राजा कोणता?

व्हिएतनाम ट्रिपचे प्लॅन सध्या बऱ्याच ग्रुप्समध्ये शिजतायत. तुम्ही गेलात तर हनोईच्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मधोमध चौकोनी भोक असलेलं तांब्याचं नाणं तुमच्या हातात येईल. दुकानदार सांगेल, ‘राजा ले लोईचं आहे!’ पैसे काढण्याआधी जरा थांबा.

ले लोई हा व्हिएतनामचा मोठा हीरो. १४१८ ते १४२७ अशी झुंज देऊन त्यानं चीनच्या मिंग फौजा देशाबाहेर काढल्या आणि १४२८ मध्ये तो गादीवर बसला. आपल्या कारकिर्दीला त्यानं नाव दिलं ‘थुआन थिएन’, म्हणजे स्वर्गाच्या आज्ञेनुसार. तिथल्या नाण्यांवर राजाचा चेहरा नसायचा, कारकिर्दीचं नाव असायचं, तेही चिनी लिपीत. त्यापुढे ‘हे चलन आहे’ असं सांगणारी दोन अक्षरं. झाली चार!

गंमत म्हणजे नेमकी हीच चार अक्षरं एका चिनी नाण्यावरही आहेत. ७५९ मध्ये तांग सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या शी सिमिंगनं स्वतःला सम्राट म्हणवलं, लुओयांग शहर घेतलं आणि नाणी ओतली. दोघांत अंतर तब्बल ६६९ वर्षांचं.

मग ओळखायचं कसं? पट्टी काढा. शी सिमिंगनं आपल्या एका नाण्याची किंमत साध्या शंभर नाण्यांएवढी ठरवली होती. त्यामुळे ते जाडजूड, साडेतीन सेंटिमीटरहून रुंद. ले लोईचं नाणं रोजच्या वापराचं, अडीच सेंटिमीटरच्या आसपास.

सगळीच कोडी इतकी सोपी नसतात. व्हिएतनाममध्ये चीनच्या सोंग काळातली नाणीही चालायची आणि त्यांच्या नकलाही तिथे ओतल्या जायच्या. अशा वेळी मजकूर वाचून काहीच कळत नाही. अक्षरांचं वळण, धातू, कडेची जाडी बघावी लागते. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ते नाणं जमिनीत कुठे आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडलं. कुणीतरी ठेवा फोडून नाणी सुटी विकली, की हा पुरावा कायमचा गेला.

तेव्हा भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. साइज किती? आणि सापडलं कुठे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर नाणं तिथेच ठेवा आणि हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाचं तिकीट काढा.