टेंडर माफ, पण हिशेब?

सिव्हिलमध्ये डायलिसिसला किंवा सीटी स्कॅनला गेलेल्या माणसाला मशीन कुणाचं, टेक्निशियनचा पगार कोण देतं, हे विचारायची फुरसत नसते. पण बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ही कामं खासगी कंत्राटदाराकडे असतात आणि बिल आपल्याच करातून जातं. मग त्यालाच काम का दिलं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच.

सरकारी काम निविदा काढून द्यायचं, हा मूळ नियम. २००६ मध्ये मेरठच्या कत्तलखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: थेट कंत्राट फक्त अपवाद म्हणून. नैसर्गिक आपत्ती असेल, पुरवठादार एकच असेल, निविदेला कुणी आलंच नसेल, तेव्हा. केंद्राच्या वित्तीय नियमांतही सेवा थेट द्यायची तर सविस्तर कारण प्रस्तावातच लिहावं लागतं.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं, म्हणजे २००५ च्या कायद्याचं, कलम ५० तर तातडीच्या खरेदीत टेंडरची अट सरळ माफ करतं. ते योग्यच. ऑक्सिजन संपत आला असताना कुणी दरपत्रकं मागवत बसणार नाही. मात्र त्याच कलमात पुढे लिहिलंय की साहित्य वापरल्याचं संबंधित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हिशेबासाठी व्हाउचर मानलं जाईल. म्हणजे घाईतसुद्धा कागद राहतोच.

इथेच मुंबईचं उदाहरण खटकतं. कॅगचा महापालिकेवरचा विशेष लेखापरीक्षण अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यात कोविडवरच्या साडेतीन हजार कोटींहून जास्त खर्चाची तपासणी झालीच नाही. साथरोग कायदा १८९७ पुढे करून पालिकेने कागद दिले नव्हते. एवढी घाई होती हे मान्य. पण साथ ओसरल्यावरही कागद का नाहीत? आमच्या शाळेचे पत्रे वादळात उडाले तेव्हा हेडमास्तरांनी तीन कोटेशन न घेता त्याच दिवशी ताडपत्री आणली. पावती मात्र रजिस्टरला चिकटवलीच.

शिवाय एक चोरवाट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: मुदतवाढ. पहिलं कंत्राट रीतसर टेंडरने, मग मुदत संपली की सहा महिने, पुन्हा सहा महिने. कागदावर नवीन काहीच नाही, स्पर्धाही नाही.

म्हणून माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: कंत्राटाची प्रत, मुदतवाढीचे आदेश आणि निविदा न काढण्याचं फाइलवरचं कारण. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत चालतो, उर्दूत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कलम ६ तसंच सांगतं. तेव्हा अम्मीला किंवा खालाला सोबत घेऊन गेलात तरी चालेल.