किनारा ओलांडल्यानंतरचे वादळ

बंगालच्या उपसागरापासून गोंदिया जिल्हा सरळ रेषेत सुमारे पाचशे ते सहाशे किलोमीटर आत आहे, त्यामुळे चक्रीवादळाचा वारा तेथे वादळ म्हणून सहसा पोहोचत नाही; तरीही ओडिशा किंवा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर धडकून छत्तीसगड आणि तेलंगणामार्गे महाराष्ट्रात शिरणाऱ्या प्रणालींच्या वाटेवर हा जिल्हा वारंवार येतो. किनाऱ्यावरच्या माणसाला वादळ कोठे धडकणार हे कळणे पुरेसे असते. गोंदियाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि नेमका तेव्हाच वर्तमानपत्रांचा व वाहिन्यांचा वादळातला रस संपलेला असतो.

चक्रीवादळ स्वतःच्या बळावर फारसे पुढे सरकत नाही. प्रवाहात सापडलेल्या भोवऱ्याप्रमाणे ते भोवतालच्या विस्तृत हवेबरोबर वाहत जाते, आणि जमिनीपासून साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचे वारे, ज्यांना सुकाणू प्रवाह म्हणता येईल, त्याची दिशा ठरवतात. वादळाच्या उत्तरेस उच्च दाबाचा पट्टा भक्कम असला तर ते पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे ढकलले जाते; पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या द्रोणीने, म्हणजे कमी दाबाच्या लांबट पट्ट्याने, त्या उच्च दाबात खिंडार पाडले तर ते उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे वळते. असे दोन परस्परविरोधी प्रभाव जवळजवळ समतोल असले, की सुकाणू प्रवाह मंदावतो आणि अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. जून २०१९ मधील ‘वायू’ हे याचे ठळक उदाहरण आहे : गुजरातमध्ये वेरावळच्या आसपास ते धडकेल असा अंदाज होता, लाखो लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते, आणि वादळ किनाऱ्याजवळ येऊन पश्चिमेकडे समुद्रात वळले. किनारा वाचला असला तरी ती तयारी वाया गेली असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल.

समुद्रावर असताना वादळाचे केंद्र शोधणे तुलनेने सोपे असते, कारण उपग्रहाच्या चित्रात ढगांची वळणे स्पष्ट दिसतात आणि त्या आकृतिबंधावरून तीव्रतेचा अंदाज बांधण्याची व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. जमिनीवर आल्यावर उबदार समुद्राकडून मिळणारी बाष्पाची रसद तुटते, डोंगर व झाडी यांच्या घर्षणाने वारे मंदावतात, ढगांची मांडणी विस्कटते, आणि केंद्र म्हणजे एक बिंदू न राहता एक पसरट क्षेत्र बनते. ताशी ६२ किलोमीटर किंवा अधिक वेगाचे वारे असलेल्या प्रणालीला भारतीय हवामान विभाग चक्रीवादळ म्हणतो. त्याखाली ५० ते ६१ पर्यंत तीव्र न्यूनदाब, ३१ ते ४९ पर्यंत न्यूनदाब आणि त्याहून कमी असल्यास केवळ कमी दाबाचे क्षेत्र, अशी उतरण असते. वाऱ्याचा वेग या क्रमाने उतरतो, पाऊस मात्र त्या क्रमाने उतरेलच असे नाही. नाव मिळालेल्या वादळाचे तर कमी दाबाचे क्षेत्र झाल्यावरही पुनरुज्जीवन होऊ शकते : सप्टेंबर २०२१ मध्ये कलिंगपट्टणमजवळ धडकलेले ‘गुलाब’ तेलंगणा व मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि तेथे ‘शाहीन’ या नव्या नावाने ओमानपर्यंत गेले.

आता अंदाजातील चुकीच्या मापाकडे पाहावे लागेल. अलीकडच्या वर्षांत २४ तास आधीच्या मार्ग-अंदाजात हवामान विभागाची सरासरी चूक सुमारे ७५ ते ८० किलोमीटर इतकी खाली आली आहे, आणि ७२ तास आधी ती साधारण दुप्पट असते. जागतिक तुलनेत ही कामगिरी उत्तम आहे. परंतु गोंदिया जिल्ह्याचा पूर्व-पश्चिम विस्तारच सरासरी चुकीच्या जवळपास आहे, म्हणजे अंदाज चांगला ठरला तरी वादळाचे केंद्र पूर्वेकडील सालेकसा–देवरीच्या बाजूने जाईल की पश्चिमेकडील तिरोड्यापलीकडून, हे त्यातून ठरत नाही. नकाशावर मार्गाभोवती काढलेला अनिश्चिततेचा शंकू, जो हवामान विभागाने २००९ पासून वापरात आणला, केंद्र कोठे असू शकेल एवढेच सांगतो. पाऊस त्या शंकूच्या आत पडेल असे तो कधीच सांगत नाही, आणि नेमका हाच गैरसमज सर्वत्र आढळतो.

मार्ग थोडा सरकल्याने मोठा फरक पडण्याचे कारण पावसाच्या वाटणीत आहे. मोसमी काळातील न्यूनदाबाचा सर्वाधिक पाऊस त्याच्या नैर्ऋत्य भागात पडतो, म्हणून केंद्र मध्य प्रदेशातून, गोंदियाच्या उत्तरेने गेले तर जिल्हा पावसाच्या माऱ्याखाली येतो, दक्षिणेने गेले तर तुलनेने सुटतो. पण वैनगंगा हे गणित आणखी गुंतागुंतीचे करते. सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी ही नदी भीमगड येथील संजय सरोवर धरणातून बालाघाटमार्गे गोंदियाच्या सीमेवर येते, म्हणजे जिल्ह्यात पाऊस न पडताही पूर येऊ शकतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, आणि गोंदियासह भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत महापूर आला. भंडारा शहर ३० ऑगस्टला पाण्यात होते. त्या पुरामागे नाव मिळालेले कोणतेही चक्रीवादळ नव्हते.

मोसमानंतरच्या वादळांचे स्वरूप वेगळे असते, आणि त्यांचा धोका धानाच्या वेळापत्रकाशी जोडलेला असतो. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री ‘मोंथा’ आंध्र प्रदेशात नरसापूरजवळ किनाऱ्यावर आले. धडकण्याचे ठिकाण अंदाजाच्या पट्ट्यातच होते. नंतर ते तेलंगणावरून उत्तरेकडे वळत गेले, वारंगल परिसरात अतिवृष्टी झाली, आणि त्याचा क्षीण झालेला अवशेष पूर्व विदर्भ व लगतच्या दक्षिण छत्तीसगडवर पोहोचला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, या सुमारास हलका (लवकर पिकणारा) धान कापलेला असतो आणि त्याच्या कडपा, म्हणजे कापून पसरलेले पुंजके, बांधीत (धानाच्या शेतात) वाळत पडलेल्या असतात, तर भारी (उशिरा पिकणारा) धान अजून उभा असतो. कडपांना पाणी लागले की लोंब्यांना कोंब फुटतात आणि दाण्याचा दर्जा जातो. उभ्या धानाला मात्र त्याच पावसाचा तेवढा धोका नसतो, वाऱ्याने तो आडवा पडला तरच नुकसान होते. म्हणून एकाच गावात, एकाच पावसात, कोणत्या वाणाची लागवड होती यावर दोन शेजाऱ्यांचे नुकसान पूर्णपणे निराळे ठरते.

वादळ चक्रीवादळाच्या पायरीवर असताना दर तीन तासांनी पत्रक निघते, मात्र न्यूनदाब ओसरताच ही विशेष पत्रके थांबतात आणि पुढची माहिती नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या रोजच्या अंदाजात, जिल्ह्यासाठी एकाच रंगाच्या इशाऱ्याच्या स्वरूपात मिळते. देवरीच्या जंगलातील डोंगराळ भाग आणि तिरोड्याचा नदीकाठ या दोहोंसाठी तो रंग एकच असतो. त्यामुळे कडपा उचलून पुंजणे (गंज्या) रचायचे की एक दिवस आणखी वाळू द्यायचे, हा निर्णय घेताना शेतकऱ्याला जिल्ह्याच्या रंगाबरोबर रायपूर आणि नागपूरच्या बाजूचे उपग्रह-चित्र, तसेच वरच्या धरणांचा विसर्ग, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.